भट्टीसमोरच्या सिलिंडर रॉडचं हार्ड क्रोम टिकेना. उष्णतेने क्रोम मऊ पडतं का?

मिलफिटर_जालना:

नमस्कार मंडळी. मी जालन्याला एका रोलिंग मिलमध्ये मेंटेनन्सला आहे. आमच्या री-हीटिंग भट्टीच्या डिस्चार्ज दारासमोर बिलेट बाहेर ढकलणारा इजेक्टर आहे, तो हायड्रॉलिक सिलिंडरवर चालतो. रॉड ९० एमएमचा, ईएन-८ पोलादाचा, इंडक्शन हार्डन केलेला (वीज-चुंबकाने तापवून वरचा थर कडक केलेला), वरून ५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचं हार्ड क्रोम, म्हणजे विजेने चढवलेला कडक क्रोमियमचा थर.

अडचण अशी की भट्टीकडच्या टोकाचा दीडेक हात भाग आधी पिवळसर पडतो, मग तपकिरी. पुढे त्याच भागावर लांबीच्या दिशेने ओरखडे उमटतात, नख फिरवलं तर अडकतं. उजेडात तिरपं बघितलं की बारीक जाळी दिसते. पावसाळा लागला की त्या जाळीतून तांबूस ठिपके वर यायलेत. मागचा भाग मात्र अजून लख्ख आहे. ग्लँडमधून (रॉड सिलिंडरबाहेर येतो त्या सीलच्या जागेतून) तेल गळतंय आणि सील तर प्रत्येक शटडाउनला बदलायलोय.

मालक म्हणतात प्लेटरने मायक्रॉन मारले, म्हणजे थर कमी चढवला. प्लेटर म्हणतो ५० ऐवजी १०० मायक्रॉन टाकू, मग बघायचं काम नाही. आमचे फोरमन म्हणतात हा सगळा उन्हाळ्याचा परिणाम. आणि हेल्परचं म्हणणं असं की प्लेटरने क्रोम झाल्यावर रॉड ओव्हनमध्ये २०० अंशाला ठेवला होता, तिथेच क्रोम मऊ झालं. मला तर कुणाचं खरं मानावं तेच कळंना. जाणकारांनी सांगावं. क्रोम एवढं कडक असतं, त्याला उष्णतेने काय होणार?


बीड_हायड्रॉलिक:

टाकीतल्या तेलाचं तापमान किती राहतंय ते आधी बघा. आमच्याकडे साखर कारखान्यांच्या पॉवरपॅकवर (हायड्रॉलिक पंप-टाकीचा संच) मार्चमध्ये तेल ७० च्या वर जातं. साधं नायट्राइल सील १०० अंशाच्या आसपासच दम सोडतं, ओठ कडक होऊन तडकतो. व्हायटॉनचं (उष्णता सोसणारं रबर) सील घाला, ते २०० पर्यंत चालतं. कूलरच्या फिन साफ करा. क्रोमचं मला फार कळत नाही, पण सील जळालं की रॉडवर ओरखडे येणारच.


वाळूज_हार्डक्रोम:

मिलफिटर, प्रश्न नीट मांडलात, म्हणून सविस्तर लिहितो. वाळूजला हार्ड क्रोमच्या टाक्यांपाशी उभं राहण्यात माझं आयुष्य गेलं. आता धंदा मुलगा बघतो, पण रॉड आला की पहिला हात अजून माझाच लागतो.

तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. मागचा भाग लख्ख आहे म्हणालात. दोन्ही भागांचा थर एकच, टाकीही एकच, एकाच दिवशी चढलेला. प्लेटरने मायक्रॉन मारले असते किंवा बाथ बिघडलेला असता तर मागचा भागही गेला असता. फक्त भट्टीकडचाच भाग जातोय म्हणजे कारण भट्टीकडेच शोधायचं. मालकांना हे एवढंच आधी दाखवा. कुणाच्या कामावर शंका घेण्याआधी रॉडची दोन टोकं शेजारी ठेवून बघायला काहीच खर्च नाही.

उन्हाळ्याचं म्हणाल तर परभणीला पारा ४४ वर गेला किंवा तुमच्या शेडमध्ये ५० झाला, तरी तयार क्रोमला त्याचं काही नाही. आम्ही क्रोम चढवतो तेच मुळी ५५ अंशाच्या बाथमध्ये, म्हणजे टाकीतल्या द्रावणात. उन्हाळा नडतो तो आम्हाला, टाकीपाशी. हजारो अँपिअर करंट जातो, त्याने बाथ आपोआप तापतो आणि तो थंड ठेवायला पाणी लागतं. एप्रिल-मेमध्ये टँकर वेळेवर आला नाही, कूलिंग बंद पडलं आणि बाथ ६५ च्या वर गेला की थर दुधाळ, निस्तेज येतो. तो मऊ असतो, आणि चढतोही हळू. उलट बाथ गार आणि करंट जास्त असला तर थर राखाडी, खरबरीत. या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात चकचकीत आणि कडक क्रोम मिळतं. मागच्या भागाचं क्रोम चकचकीत आहे, म्हणजे तुमच्या प्लेटरने तापमान सांभाळलंय.

क्रोमला उष्णतेने काय होणार, हा तुमचा प्रश्न बरोबर जागी आहे. क्रोमियम धातू १९०० अंशाला वितळतो, त्यामुळे लोकांना वाटतं त्याला कसली भीती. पण हार्ड क्रोमचा कडकपणा धातूच्या वितळण्याशी बांधलेला नाही. थर चढतो तेव्हा कण अतिशय बारीक बसतात, सोबत हायड्रोजन अडकतो, थोडे ऑक्साइड अडकतात, आणि सगळा थर आतून ताणलेला राहतो. चांगल्या क्रोमचा ८५० ते १००० एचव्ही (व्हिकर्स, कडकपणा मोजायचं माप) कडकपणा या कोंडलेल्या अवस्थेतून येतो. तापवलं की हायड्रोजन निघून जातो, ताण सुटतो, पुढे कण मोठे होत जातात आणि कडकपणा उतरतो. आणि तो परत येत नाही. पोलाद मऊ पडलं तर पुन्हा तापवून क्वेंच (झटकन गार) करता येतं, क्रोमला ती सोय नाही. एकदा तापून मऊ झालेलं क्रोम काढूनच टाकावं लागतं.

आकडे ढोबळ सांगतो, कारण किती अंश इतकंच किती वेळ हेही महत्त्वाचं आहे. २०० अंशापर्यंत फारसं काही बिघडत नाही. ३०० च्या पुढे उतरण लागते. ४०० ला ७००-८०० एचव्ही उरतं. ६०० पर्यंत निम्म्यावर येतं, तेव्हा नुसतं हार्डन केलेलं बेअरिंगचं पोलादसुद्धा त्याच्यापेक्षा कडक असतं. मग त्यावर क्रोमचा खर्च करून उपयोग काय?

म्हणून ओव्हनच्या २०० अंशाला तुमच्या हेल्परने दोष देऊ नये. ते बेकिंग आहे आणि ते केलंच पाहिजे. क्रोम चढताना लोखंडातही हायड्रोजन शिरतो आणि कडक पोलाद त्याने ठिसूळ होतं, लोड आला की अचानक तडकतं. त्यासाठी प्लेटिंग झाल्यावर चार तासांच्या आत जॉब ओव्हनमध्ये घालून १९० ते २२० अंशाला बरेच तास ठेवतात. फक्त पोलादाचं टेंपरिंग (कडक केल्यावर ठिसूळपणा घालवायला पुन्हा थोडं तापवणं) ज्या तापमानाला झालंय त्याच्या वर जायचं नाही. इंडक्शन केलेल्या रॉडला ही काळजी जास्त, कारण त्याचं टेंपरिंग १८०-२०० लाच झालेलं असतं. जो प्लेटर न सांगता बेकिंग करतो, तो माणूस धरून ठेवा.

आता ती जाळी. हार्ड क्रोममध्ये बारीक भेगा जन्मापासूनच असतात, डोळ्याला दिसत नाहीत इतक्या. पाणी उडालं की काळं रान आकसून भेगाळतं, तसा हायड्रोजन उडाला की थर आकसतो आणि भेगा रुंदावतात. त्यात भर म्हणजे प्रसरण. तुमचा एक मीटर रॉड ३०० अंशाने तापला तर पोलाद साडेतीन मिलिमीटर वाढतं, क्रोमला त्याच्या साधारण निम्मंच वाढायचं असतं. वरचा थर ओढला जातो आणि भेग थेट खाली पोलादापर्यंत पोचते. पावसाळ्यात तिथूनच पाणी शिरतं आणि तांबूस ठिपके वर येतात. ती गंजण क्रोमची नाही, खालच्या ईएन-८ ची आहे.

१०० मायक्रॉनने हे थांबणार नाही. थर दुप्पट केला तरी तापमान तेवढंच राहतं, आणि मऊ क्रोम जाड टाकलं तरी मऊच. शिवाय जाड थरात ताण जास्त. तुमच्या प्लेटरचा हेतू वाईट नसेल, पण पैसे तिथे घालू नका.

आता एवढं करून बघा. तपकिरी डाग थिनरने पुसा. निघाला तर ते रॉडवर जळून बसलेलं तेल होतं, नाही निघाला तर क्रोमच्या पृष्ठभागावर ऑक्साइड बसलंय. दुसरं, रॉडच्या टोकाला जिथे सील कधी पोचत नाही तिथे जुनी बारीक कानस हलकी चालवा. चांगल्या क्रोमवर कानस नुसती घसरते. ती धरली, बारीक चुरा निघाला, तर क्रोम मऊ झालंय. आणि तापमान मोजा, अंदाजाने बोलू नका. मोजताना इन्फ्रारेड गनवर मात्र भरवसा ठेवू नका. चकचकीत क्रोम स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतं, त्यामुळे गन खूपच कमी आकडा दाखवते, आणि दारासमोर असाल तर भट्टीचं प्रतिबिंब मोजते. ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या खडूच्या कांड्या मिळतात, त्यांच्या रेघा मारा. नाहीतर के-टाइप थर्मोकपलचं (तापमान मोजणारी तारेची जोडी) टोक रॉडला टेकवा.

एक गोष्ट मात्र आजच्या आज करा. तापलेल्या दारासमोर तेल गळू देऊ नका. रॉडचं काय व्हायचं ते होईल, पण तिथे पेट घेतला तर माणसं जवळ असतात. सील बदलेपर्यंत खाली ट्रे ठेवा, आडोसा करा, मालकांच्या मागे लागा.


टूलरूम_चिकलठाणा:

काकांनी बरोबर सांगितलंय, एक भर घालतो. जाळी नेहमीच भट्टीने पडते असं नाही. क्रोम झाल्यावर ग्राइंडिंग करताना कडक व्हील (घासायचं दगडी चाक), जास्त कट आणि कूलंट कमी असं झालं तर पृष्ठभाग क्षणभरच पण खूप तापतो आणि तिथेच जाळी पडते. नव्या रॉडवर ती दिसत नाही, वापरात उघडी पडते. आमच्याकडे बाहेरून ग्राइंड होऊन आलेल्या पिना अशाच परत गेल्यात. मिलफिटर, जाळी मागच्या भागावर कुठे आहे का बघा. तिकडेही असेल तर संशय ग्राइंडिंगवर.

आणि पोर्टेबल हार्डनेस टेस्टर रॉडवर आपटून क्रोम मोजलं असं कुणी म्हणालं तर मानू नका. ५० मायक्रॉनच्या थराला तो कुठे कळतो, तो खालचं पोलाद मोजतो. क्रोमचा खरा आकडा कापलेल्या तुकड्यावर, मायक्रो व्हिकर्सवर, १०० ग्रॅमसारख्या हलक्या लोडनेच निघतो.


वाळूज_हार्डक्रोम:

ग्राइंडिंगचं छान आठवण करून दिलंत, ते राहूनच गेलं होतं. आणि तुमच्याच मुद्द्यातून एक उपयोग निघतो. तो टेस्टर खालचं पोलाद मोजतो ना, मग तेच मोजा. रॉडच्या मागच्या टोकाला आणि भट्टीकडच्या टोकाला. पुढचा आकडा उतरलेला असेल तर इंडक्शनचा थरही टेंपर होऊन मऊ झालाय. हे क्रोम मऊ होण्यापेक्षा वाईट, कारण खालचा पाया दबला की वरचा थर तडकून सुटतो. मग नुसतं नवं क्रोम चढवून भागत नाही.


मिलफिटर_जालना:

काका, खूप आभार. सांगितलं तसं सगळं केलं.

थिनरने पुसल्यावर बराच तपकिरीपणा निघाला, पण खाली फिकट पिवळी झाक राहिलीच. कानस मागच्या टोकाला घसरली, पुढे धरली. जाळी मागच्या भागावर कुठेच नाही. खडूच्या २०० आणि ३०० अंशाच्या रेघा वितळल्या, ४०० ची शाबूत राहिली. त्याच जागी गन ९५ दाखवत होती! आजवर आम्ही त्याच गनवर विसंबून रॉड गारच आहे म्हणत होतो. टेस्टरवर मागच्या टोकाला ५४ एचआरसी (रॉकवेल, पोलादाच्या कडकपणाचं माप) आणि पुढे ४६.

कारणही सापडलं बहुतेक. मिल चालू असताना रॉड पुढे जातो आणि लगेच मागे येतो, तेवढ्याने काही होत नाही. पण स्टँडमध्ये (रोलच्या जोडीत) कॉबल झालं, म्हणजे तापलेला माल अडकून गुंता झाला, की ऑपरेटर सगळं आहे तसं सोडून कॉबल काढायला पळतात. दार उघडं, रॉड पुढे, आणि समोर ११५० अंशाची भट्टी. कधी कधी अर्धा अर्धा तास. मग कॉबल निघालं की तापलेला रॉड तसाच सीलमधून आत ओढला जातो. सील दर वेळी का जळतंय ते आता कळलं.

आता काय करू? इलेक्ट्रोलेस निकेल (विजेशिवाय रसायनाने चढणारा थर) उष्णतेला चालतं असं एकाने सांगितलं. दुसरा एचव्हीओएफ (वेगवान ज्वाळेने पावडरचा फवारा मारून चढवलेला थर) म्हणतो.


वाळूज_हार्डक्रोम:

शाबास. मोजून बोलणारा फिटर असला की काम सोपं होतं. ५४ वरून ४६ म्हणजे पाया उतरलाय, शंका नाही.

इलेक्ट्रोलेस निकेलची गंमत अशी की ते क्रोमच्या उलट वागतं. फॉस्फरस असलेलं निकेल टाकीतून निघतं तेव्हा ५००-६०० एचव्हीच असतं, आणि ४०० अंशाला तासभर ठेवलं की ९०० च्या वर जातं. क्रोम ज्या उष्णतेने मऊ पडतं त्याच उष्णतेने ते कडक होतं. त्यामुळे साच्यांना, व्हॉल्व्हच्या भागांना ते चांगलं. पण तुमच्या इंडक्शन रॉडला ४०० अंश दिले तर रॉडच मऊ होईल, आणि न देता वापरलं तर घासला जाईल. तुमच्या कामाला मी सुचवणार नाही.

एचव्हीओएफ फवारा खरंच उष्णतेला उभा राहतो. टंगस्टन कार्बाइड-कोबाल्ट ५०० अंशापर्यंत, क्रोमियम कार्बाइड आणि निकेल-क्रोमचं मिश्रण ८५० च्या आसपासपर्यंत. थर कडक, आणि त्यात क्रोमसारखी भेगांची जाळी नसते. पण खर्च क्रोमच्या कितीतरी पट, आणि ग्राइंड करायला डायमंड व्हील लागतं. आणि खरं सांगू, सील तर व्हायटॉनचं घातलं तरी २०० चं आहे. रॉडवर ८५० अंश झेलणारा थर चढवून ३५० अंशाचा रॉड सीलमधून ओढलात तर तेल गळणारच. प्लेटिंग हा माझा धंदा असूनही सांगतो, आधी उष्णता अडवा.

ऑपरेटरांना एकच नियम लावा. लाइन थांबली की पहिल्यांदा इजेक्टर मागे आणि दार बंद, मग कॉबल. त्यांच्या मनावर सोडू नका, इलेक्ट्रिशियनला सांगून मिल थांबल्याच्या सिग्नलवर रॉड आपोआप मागे येईल असं इंटरलॉक (स्वयंचलित जोडणी) करून घ्या. दुसरं, सिलिंडर आणि दार यांच्या मध्ये दुहेरी पत्र्याचा आडोसा करा. दोन स्टेनलेस पत्रे, मध्ये इंच-दीड इंच मोकळी हवा, रॉड जाण्यापुरतं भोक. पहिला पत्रा तापतो, दुसऱ्याला त्याचा मानाने थोडाच त्रास. हवेची फट ठेवायला विसरू नका, दोन पत्रे चिकटवून जोडले तर अर्धा फायदा गेला. जागा असेल तर ढकलणारा बार लांब करून सिलिंडरच मागे सरकवा, हा सगळ्यात खात्रीचा उपाय.

रॉडचं काम देताना चिठ्ठीवर स्पष्ट लिहा. जुनं क्रोम पूर्ण काढणे, त्यावर नवं चढवू नये. क्रोमवर क्रोम नीट धरत नाही. काढताना हायड्रोक्लोरिक अॅसिडऐवजी कॉस्टिकमध्ये उलटा करंट देऊन काढायला सांगा, कडक पोलादात हायड्रोजन कमी शिरतो. पुढचा भाग पुन्हा इंडक्शन करून टेंपर, मग ग्राइंडिंग, मग क्रोम. ग्राइंड झाल्यावर ५० मायक्रॉन उरलं पाहिजे, चढवताना नव्हे. चार तासांत बेकिंग, आणि शेवटचं ग्राइंडिंग मऊ व्हीलने, भरपूर कूलंटवर, हलक्या कटने.


बीड_हायड्रॉलिक:

काका, रॉडवर बेलोज (घडीचं, लवचीक आवरण) घातलं तर? भट्टीजवळ काचेच्या धाग्याच्या कापडाचे, वरून ॲल्युमिनियम लावलेले मिळतात.


वाळूज_हार्डक्रोम:

चांगली सूचना. फक्त बेलोजच्या आत तेल साचू देऊ नका, खालून निचऱ्याला भोक ठेवा. तेलाने भिजलेलं बेलोज दारासमोर म्हणजे वातच.


मिलफिटर_जालना:

इंटरलॉकचं मालकांशी बोललो, तयार आहेत. पत्र्याचा आडोसा आमच्याच फॅब्रिकेशनमध्ये होईल. एक शेवटचं विचारतो. रॉडचा डोळा (टोकाची पिन बसायची कडी) झिजलाय, नवा वेल्ड करायचाय. तो क्रोमच्या आधी करू की नंतर?


वाळूज_हार्डक्रोम:

आधी. इंडक्शनच्याही आधी. क्रोम झाल्यावर वेल्ड मारला तर शेजारचा वीतभर भाग तापून मऊ पडतो, आणि पुन्हा हाच धागा उघडावा लागेल. आताच्या जुन्या रॉडवर वेल्ड करायचा असेल तर त्या भागातलं क्रोम आधी पूर्ण काढून घ्या. क्रोमवर आर्क पडला की धुरात हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) येतं, ते फुप्फुसाला फार घातक. तुमच्या वेल्डरला हे कुणी सांगितलं नसेल, तुम्ही सांगा. क्रोम काढून आलेला रॉडच त्याच्या हातात द्या.